जर्मन फुटबॉलपटू टोनी क्रूस फारसे गोल करत नसे, मग तो एवढा मोठा का मानला जातो?

क्रूस गोलांच्या आकड्यांवर मोजायचा खेळाडूच नाही. सामना कधी संथ, कधी वेगात चालवायचा, हे मधल्या फळीतून तोच ठरवायचा. पास इतका अचूक, की सहकाऱ्याला पाऊलही वाकडं टाकावं लागत नसे. आणि गोल हवेच असतील तर २०१४ च्या विश्वचषकाची उपांत्य लढत बघा: ब्राझीलविरुद्ध दोन मिनिटांच्या आत त्याचे दोन गोल! जर्मनी ७-१ ने जिंकली, पुढे विश्वविजेतीही झाली.

जन्म १९९० चा, ग्राइफ्सवाल्डचा, म्हणजे तेव्हाच्या पूर्व जर्मनीतला. आधी जर्मनीतला बायर्न म्युनिक क्लब, मग २०१४ पासून स्पेनमधला रेआल माद्रिद. चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, सहा वेळा जिंकली, त्यातल्या पाच रेआलकडून. २०२४ मध्ये, संघाला अजून हवा असतानाच, तो खेळायचा थांबला. मला त्याचं हेच सगळ्यात भावतं.