अमेरिकेतल्या Arkansas या राज्याच्या स्पेलिंगमध्ये 'कॅन्झस' (Kansas) दिसतं, मग लोक 'आर्कन्सॉ' का म्हणतात? या नावाचा अर्थ काय?

कामानिमित्त मी याच राज्यात, बेंटनव्हिलला राहतो. वॉलमार्टचं मुख्यालय इथे असल्यामुळे आयटीतली बरीच मराठी घरं आसपास आहेत, आणि आमच्याकडे येणारे पाहुणे हाच प्रश्न विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उच्चार 'आर्कन्सॉ' असाच. मुख्य जोर 'आर्'वर, शेवटचा 'एस' पूर्ण मूक. तो मूक राहिला फ्रेंचांमुळे. १६७३ साली मार्केत आणि जोलिए हे दोघे फ्रेंच मिसिसिपी नदीतून होड्यांनी दक्षिणेकडे आले. नदीकाठी क्वापॉ या मूळ अमेरिकी जमातीची गावं होती. हे लोक स्वतःला 'उगाख्पा' म्हणत, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणारे. पण उत्तरेकडच्या दुसऱ्या मूळ जमातींचे इलिनॉय भाषक त्यांना 'अकान्सा' म्हणायचे, आणि फ्रेंचांच्या कानावर पडलं ते हेच. त्यांनी आपल्या रीतीने त्याला अनेकवचनाचा 'एस' लावला, जो फ्रेंचमध्ये लिहितात पण बोलत नाहीत. १८१९ साली अमेरिकी सरकारने हा प्रदेश वेगळा केला तेव्हा नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' लिहिला जात होता, म्हणजे 'सॉ' हा उच्चार तेव्हाही रुळलेला होता. १८३६ मध्ये राज्य झालं ते मात्र 'एस'वालं स्पेलिंग घेऊन.

कॅन्झसशी असलेलं साम्य हा योगायोग नव्हे. 'अकान्सा'मधला 'कान्सा' आणि ज्यांच्यावरून कॅन्झस राज्याला नाव मिळालं त्या कान्सा जमातीचं नाव यांचं मूळ एकच मानतात. क्वापॉ आणि कान्सा यांच्या भाषाही सख्ख्या बहिणी. फरक इतकाच की तिकडे इंग्रजी बोलणाऱ्यांनी शेवटचा 'एस' उच्चारला, इकडे फ्रेंच वळण टिकलं. 'दक्षिण वाऱ्याचे लोक' असा जो अर्थ इंटरनेटवर सगळीकडे दिसतो, तो कान्सा लोकांच्या नावाचा सांगितला जातो. तो उचलून सरळ आर्कन्सॉला चिकटवणं मला पटत नाही. आर्कन्सॉ म्हणजे 'क्वापॉंना शेजाऱ्यांनी दिलेलं नाव' एवढं खात्रीने म्हणता येतं.

आणि ज्यांच्यावरून राज्याला नाव मिळालं, त्या क्वापॉंना १८२४ च्या करारात इथली उरलीसुरली जमीनही सोडून द्यावी लागली. आज त्यांचं मुख्य ठाणं शेजारच्या ओक्लाहोमात आहे. इथल्या शाळेत मुलांना उच्चाराची गोष्ट सांगताना हीसुद्धा सांगितली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

उच्चारावरून पुढे वाद इतका वाढला की राज्याचे दोन सिनेटरच नाव दोन तऱ्हांनी उच्चारत, असं सांगतात. अखेर १८८१ मध्ये विधिमंडळाने ठराव केला: तीन अक्षरी उच्चार, शेवटचा 'एस' मूक, जोर पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावर. मधल्या अक्षरावर जोर देऊन 'एस' वाजवणं ही नवी टूम आहे, तिला उत्तेजन देऊ नये, असंही त्यात आहे. चुकीचा उच्चार केला तर दंड होतो ही मात्र निव्वळ अफवा. ठरावात शिक्षा कुठेच नाही.

आता इंग्रजीतल्या वापराबद्दल. राज्याच्या नावाआधी 'द' लावू नका. 'द आर्कन्सॉ' म्हटलं की नदी होते. ही नदी कोलोरॅडोत उगम पावून कॅन्झस आणि ओक्लाहोमातून इकडे येते, आणि कॅन्झसमध्ये विचिटाच्या आसपास बरेच लोक तिला 'आर्कॅन्झस'च म्हणतात. तिथे ते चूक नाही, त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये. इथल्या रहिवाशाला 'आर्कॅन्झन' म्हणतात. राज्याच्या नावात गप्प बसलेला 'एस' इथे बोलू लागतो. 'आर्कन्सॉयर' हा जुना शब्दही काही जण अभिमानाने वापरतात. षष्ठीचा प्रत्यय लावताना नुसती अपॉस्ट्रॉफी द्यायची की पुढे आणखी एक 'एस' जोडायचा, यावर २००७ साली विधिमंडळाने पुन्हा ठराव केला आणि कौल जास्तीच्या 'एस'ला दिला. बोलताना 'आर्कन्सॉज' असं ऐकू येतं, त्यामुळे मला तो योग्यच वाटतो.

पत्त्यात संक्षेप 'एआर' लिहा. 'एके' लिहाल तर तो अलास्का होतो.