सणाचा दिवस बोटीवर : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्यातल्या सणाला आम्ही मित्र दिवसभरासाठी मोटारबोट भाड्याने घेतोय. पाटीवर 10 माणसं लिहिली आहेत, आम्ही 12 आहोत. दोघांनी असा काय फरक पडणार?

पडतो, आणि बहुधा बोट उभी असताना पडतो. कुणीतरी फोटोसाठी हाक मारतं, सगळे एका कडेला गोळा होतात, आणि त्याच क्षणी शेजारून दुसऱ्या बोटीची लाट आडवी येते. दोघे-चौघे टपावर चढून नाचत असतील तर वजन वर गेल्यामुळे बोट आणखी सहज कलंडते. पाटीवर किलोचा आकडा असेल तर तोही वाचा. बर्फाच्या पेट्या, स्पीकर, पाणी हे सगळं त्यातच धरायचं. उन्हात माणशी तीन लिटर पाणी लागतं, म्हणजे 12 जणांचं पाणीच 36 किलो झालं. दोघांना गाळा, नाहीतर मोठी बोट घ्या. लाइफ जॅकेट माणशी एक हवंच, तेही अंगाला बसणारं. निघण्यापूर्वी एकदा सगळ्यांना घालायला लावा.

गेल्या खेपेला नांगर टाकला, तरी बोट सरकत खडकांजवळ गेली. नांगर लहान होता का?

असेलही, पण बहुतेक वेळा दोर कमी सोडलेला असतो. पाण्याची खोली आणि पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची यांची बेरीज करा आणि तिच्या पाच ते सातपट दोर सोडा. खोली 4 मीटर आणि टोक 1 मीटर वर असेल, तर 25 ते 35 मीटर. दोर आडवा ओढला गेला तर नांगराचा फाळ तळात रुततो. उभा ओढला गेला तर तोच फाळ उपटला जातो. नांगराला सुरुवातीला काही मीटर साखळी असावी, तिच्या वजनाने ओढ तळाशी राहते. भरतीचं पाणी असेल तर हिशोब भरतीच्या खोलीचा करायचा.

बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून पूर्ण थांबा. नांगर भिरकावू नका, दोर हातातून सोडत तळाला टेकवा. बोट वाऱ्याने मागे जाऊ द्या, दोर बांधा आणि रिव्हर्समध्ये हलका ताण द्या. मग किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा धरा, म्हणजे पुढे खांब, मागे झाड. झाड खांबाच्या एका बाजूला सरकतच राहिलं तर नांगर घसरतोय. थोडं इकडेतिकडे होऊन जागेवर येत असेल तर बोट नुसती झुलतेय. झुलायला चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवा.

नांगर मागच्या बाजूने बांधायचा मोह अनेकांना होतो, कारण सगळी मंडळी तिथेच बसलेली असतात. नेमकी तीच कड बुटकी, त्यात इंजिनचं वजन. लाट सरळ आत येते.

गाण्यांसाठी बॅटरी पुरावी म्हणून इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं तर चालेल का? मंडळी मागच्या पायरीवर पाय सोडून बसतील, पोहतील.

अजिबात नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड मागच्याच बाजूला साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि सोबतचे म्हणतात, चढली असेल किंवा बोट लागली असेल. तेवढ्यात तो माणूस शुद्ध हरपून पाण्यात घसरू शकतो. जनरेटरलाही हाच नियम लावा. शिवाय न्यूट्रलमध्येही काही बोटींचा पाण्याखालचा पंखा हळू फिरत राहतो, आणि कुणाचा धक्का लागून गिअर पडला तर विचारायलाच नको. कुणी पाण्यात उतरण्याआधी इंजिन बंद, किल्ली चालवणाऱ्याच्या खिशात, शिडी खाली.

स्पीकर स्वतःच्या चार्जिंगवर चालणारा आणा. इंजिन सुरू करायच्या बॅटरीला हात लावू नका. संध्याकाळी निघताना इंजिन सुरू न होता नुसती टकटक ऐकू येते, ती बहुधा ही बॅटरी उतरल्यामुळेच.

खाणंपिणं कसं सांभाळायचं?

पेट्या दोन न्या. पेयांची पेटी दर पाच मिनिटांनी उघडते, त्यामुळे जेवण वेगळ्या पेटीत ठेवा. चुऱ्यापेक्षा बर्फाची लादी जास्त टिकते. हवा 32 अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न बाहेर तासाभराहून जास्त ठेवू नका. काचेच्या बाटल्या नकोत, डेकवर सगळे अनवाणी असतात.

चालवणाऱ्याने दारूचा थेंबही घ्यायचा नाही, आणि बोट हाताळता येणारा आणखी एक जण शुद्धीवर हवा. बाकीच्यांनी आधी पोहून घ्यावं, मग प्यावं. ऊन, वारा आणि हेलकाव्यांनी माणूस आधीच थकलेला असतो, तोल लवकर जातो.

परतायचं कधी?

उजेड असताना. रात्री आतषबाजी बघून सगळ्या बोटी एकदम निघतात, तेव्हा त्या गर्दीत तुम्ही नसलेलं बरं. इंधनाचे तीन भाग धरा : एक जायला, एक यायला, एक शिल्लक.

बोट लागते, काय करू?

गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या. त्यावर दारू नको, कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. बोटीच्या मध्यावर बसा, क्षितिजाकडे बघा, मोबाइल खिशात ठेवा.