उपग्रह उन्हात आला की मॅग्नेटोमीटरचा आकडा उडतो, त्याबद्दल

भाऊ, तू लिहिलंस की उपग्रह सावलीतून उन्हात येताच मॅग्नेटोमीटरने मोजलेल्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा काहीशे नॅनोटेस्लाने (हे त्या क्षेत्राचं एकक) उडतो. बूम, म्हणजे सेन्सर यानापासून दूर धरणारा दांडा, नाही, दोन्ही सेन्सर पेटीतच. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. सेन्सरला दोष देऊ नकोस, बहुतेक तो सौर पॅनलमधल्या विजेच्या प्रवाहाचाच प्रताप आहे.

दोन सेन्सरचं सूत्र लावायचा विचार सोड. आदित्य-एल१ च्या ६ मीटरच्या बूमवर एक सेन्सर टोकाला, दुसरा ३ मीटरवर. यानाचं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, म्हणून टोकाला ते आठवा हिस्साच उरतं. टोकाच्या आकड्याची आठपट, त्यातून मधला वजा, भागिले सात, की बाहेरचं खरं क्षेत्र मिळतं. पण त्रासाचा उगम बूमच्या बुडाशी एकाच जागी असेल तरच. तुझ्याकडे पॅनल, बॅटरी, व्हील (उपग्रहाची दिशा वळवणारं फिरतं चाक) सगळं सेन्सरला खेटून आहे. युरोपच्या शुक्रयानाचा, व्हीनस एक्सप्रेसचा, बूम जेमतेम १ मीटरचा होता, तिथेही नुसत्या सूत्रावर भागलं नाही.

तुला हवा प्रत्येक पॅनलच्या प्रवाहाचा लॉग, सेन्सरच्याच घड्याळावरचा. मोजलेल्यातून आयजीआरएफ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं प्रमाण मॉडेल) वजा कर, उरलेलं प्रवाहांवर फिट कर, म्हणजे किती प्रवाहाला किती क्षेत्र वाढतं ते कळेल. उपग्रहाच्या दिशेचा भरवसा नसेल तर आधी फक्त एकूण तीव्रता जुळव.

आमच्या उपग्रहाच्या वेळी घोडं इथेच अडलं. वीजप्रणाली ज्या कार्यालयाकडे होती, त्यांनी आकडे दिले ते दहा-दहा मिनिटांची सरासरी काढून! काही सेकंदांची उडी त्यात विरघळून गेली. कच्चे आकडे मागितले तर "आमच्या अखत्यारीत नाही". मग कुणाच्या, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, तोवर कच्च्या फाइली पुसल्या गेल्या. पोरांची मेहनत अशी मातीत जाते, याचा मला आजही संताप येतो. तू आजच लेखी माग: कच्चा प्रवाह, दर सेकंदाचा, सरासरी नको.

पुढच्या मॉडेलची चाचणी भुसावळात नको, रेल्वेच्या विजेचा गोंगाट फार. उघड्या खडकावरही नको, आपला काळा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असतो. रावेर-यावलकडे तापीच्या गाळाच्या जमिनीवर, एखाद्या केळीच्या बागेत विहिरीची मोटार बंद ठेवून, पॅनल, हीटर, व्हील एकेक चालू करून बघ. मोबाइल आणि किल्ल्या लांब.

मी छोट्या उपग्रहांपुरतंच बोलतोय, मोठ्या यानांचं तिथल्या लोकांना विचार. आणि त्याच अर्जात व्हीलचे आरपीएमही मागून घे. सेन्सर सावकाश मोजत असेल तर व्हीलची वेगवान थरथर खोट्या, संथ लाटेसारखी दिसते, आणि आरपीएमशिवाय ती ओळखता येत नाही.