तुटलेला अ‍ॅक्सल भंगारात देऊ नकोस

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, टर्बो बसवलाय, दोन वर्षं पैसे साठवून ड्रॅग रेससाठी (सरळ धावपट्टीवरची वेगाची शर्यत) केलीय. पुढचे दोन्ही अ‍ॅक्सल (गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवणारे दांडे) आफ्टरमार्केट, म्हणजे कंपनीचे नाही तर बाहेरचे, घेतले, दुकानदार म्हणाला ५०० हॉर्सपॉवर आरामात झेलतील. अँबी व्हॅलीच्या रनवेवर तिसऱ्याच लाँचला, म्हणजे उभ्या गाडीनं सुसाट सुटताना, क्लच सोडतोय न सोडतोय तोच धाडकन आवाज झाला, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागेवर. उजवीकडचा अ‍ॅक्सल तुटला. आता दुकानदार म्हणतो तूच लाँच चुकवलास, रेसिंगला वॉरंटी नसते. उद्यमनगरातला लेथवाला म्हणतो वेल्ड मारून देतो. काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, आधी वेल्डिंगचा विषय सोड. अ‍ॅक्सलला वरून हार्डनिंग केलेलं असतं, म्हणजे पृष्ठभाग तापवून कडक केलेला असतो, वेल्डच्या उष्णतेनं नेमकं तिथलंच ते जातं, म्हणजे पुढच्या लाँचला तो वेल्डच्या शेजारीच तुटणार, आणि फिरता तुकडा ब्रेकच्या पाइपवर बसला की मग ४०२ मीटरच्या शर्यतीच्या शेवटी थांबायचं कसं?

आता तुटलेला तुकडा हातात घे. तो पुसू नकोस, घासू नकोस, तुटलेली तोंडं एकमेकांवर जुळवूनही बघू नकोस, फक्त उन्हात धरून नीट बघ आणि मोबाइलवर जवळून फोटो काढ. एका कडेला काळपट भाग आणि त्यात ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा वाकड्या रेषा असतील तर चीर आधीपासून होती, हळूहळू वाढत गेली. तीनच लाँचमध्ये हे झालं असेल तर मशीनिंगमध्ये कोपरा धारदार ठेवलाय किंवा माल सदोष आहे, असा संशय घ्यायला जागा आहे. उलट तोंड सगळीकडे सारखं ताजं आणि स्प्लाइन्सना (टोकावरच्या उभ्या दात्यांना) चकलीसारखा पीळ पडलेला असेल तर जोर झेपला नाही म्हणून तुटला. पण तेवढ्यानं दुकानदार सुटत नाही हां, कारण ५०० चा शब्द त्याचाच आहे. तुझी गाडी किती पॉवर काढते त्याचा डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद आहे ना?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटवाले आहेत, त्यांच्याकडे रॉकवेल टेस्ट (धातू किती कडक आहे ते मोजायची चाचणी) करून लेखी रिपोर्ट घे. पृष्ठभाग सी स्केलवर ५० च्या पुढे असायला हवा, ३० च्या आसपास निघाला तर हार्डनिंग झालेलंच नाही असं समज (दुसऱ्या खास स्टीलचा म्हणून विकला असेल तर आकडा वेगळा असू शकतो, आधी बिलावर काय लिहिलंय ते बघ). रिपोर्ट, बिल आणि ५०० वाला व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर तो, एवढं घेऊन दुकानदाराला लेखी पाठव. फोनवर भांडून काही होत नाही. तरी ऐकला नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, तिथे २ वर्षांच्या आत जावं लागतं. बिलावर 'फक्त रेसिंगसाठी, वॉरंटी नाही' असं छापलेलं असेल तर केस अवघड होते हे आधीच सांगतो.

आता थोडं तुझ्याकडे. उजवीकडचाच का तुटला? चाक उड्या मारत होतं का? टायर धरतो, सुटतो, परत धरतो, त्या प्रत्येक झटक्याला अ‍ॅक्सलवर नुसत्या टॉर्कपेक्षा कितीतरी जास्त मार बसतो, आणि पहिल्या गिअरला इंजिनचा टॉर्क तसाही दहा-बारा पटीच्या वर गेलेला असतो. गाडी खूप खाली बसवली असशील तर सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) तिरका चालतो, ते वेगळंच. इंजिनच्या माउंटचं रबर दाबून बघ, फाटलेलं असेल तर कितीही भारी अ‍ॅक्सल घाल, तोही जाईल.

नवीन बसवशील तेव्हा शाफ्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या पेंट मार्करनं एक सरळ रेघ मार. प्रत्येक रननंतर खाली वाकून बघ, रेघ जिन्याच्या कठड्यासारखी वळायला लागली की शाफ्ट पीळ खातोय, तिथेच थांब. आणि कंपनीचे जुने अ‍ॅक्सल विकले नसशील तर डिकीत टाकून ने. माझं विचारशील तर स्वस्त 'रेसिंग' अ‍ॅक्सलपेक्षा मला तेच बरे वाटतात, फक्त लाँचला आरपीएम हजारभर कमी ठेव.