वाचक विचारतात : अभ्यास तिचा, कागद तुमचे

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही बार्शीचे. मुलगी बारावीला आहे, लातूरला हॉस्टेलवर राहून नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, क्लास करते. दर रविवारी टेस्ट असते आणि संध्याकाळी मार्क लागले की फोन येतो, आधी रडणं मग "मम्मी मी घरी येते". 430-440 च्या पुढं गाडी जातच नाही. तिचे पप्पा फोन हातात घेऊन पहिलं "किती पडले" विचारतात, मी म्हणते नका विचारू तर म्हणतात पैसे भरतोय तर विचारू पण नको का. आम्ही दोघंही आर्ट्सवाले, बायोलॉजीतलं काही कळत नाही, मग आम्ही मदत तरी काय करायची? आणि एक, आम्ही ओबीसी आहोत, जातीचा दाखला आहे पण त्याची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं सर्टिफिकेट, काढलेली नाही. अ‍ॅडमिशनच्या वेळी काढली तर चालेल ना?
— एक आई, बार्शी

उत्तर : वहिनी, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तुम्ही तो सहज जाता जाता विचारलाय आणि घाई त्याचीच आहे. नाही, चालणार नाही. उद्या सकाळीच मिस्टरांना या कामाला लावा. म्हंजे त्यांना काम पण मिळेल आणि रविवारचे मार्क विचारायला वेळ पण उरणार नाही.

मी 20 वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवलं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एक तरी पालक स्टाफरूमच्या दारात उभे असायचे, पोरीला मार्क आहेत, लिस्टमध्ये नाव लागेल असं आहे, आणि व्हॅलिडिटी समितीकडं अडकलेली. तेव्हा कोण काय करणार. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच करायचा असतो, ऑनलाइन भरायचा, कॉलेजचं पत्र लावायचं आणि आपल्या जिल्ह्याच्या समितीकडं द्यायचा, तुमची समिती सोलापूरला. ओबीसीसाठी पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. म्हंजे सासऱ्यांचा नाहीतर त्यांच्या वडलांचा शाळेचा दाखला, ते शाळेत गेलेच नसतील तर गावच्या कोतवाल बुकातला जन्माचा उतारा, म्हंजे गाव नमुना 14. आता गंमत इथंच असते, जुन्या रजिस्टरात नुसतं "पांडू" लिहिलेलं असतं आणि आपल्या सगळ्या कागदांवर "पांडुरंग". दोघं एकच हे दाखवायला अ‍ॅफिडेविट करा, वंशावळ जोडा. मिस्टरांच्या सख्ख्या भावाची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी आधी निघालेली असेल तर निम्मं काम झालंच समजा, ती झेरॉक्स आधी मागून घ्या, भांडण असेल तरी मागा.

बाकीची फाइल पण आत्ताच लावायला घ्या. डोमिसाइल, दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार. नॉन क्रिमीलेयर, म्हंजे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं सर्टिफिकेट, अ‍ॅडमिशनच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं पाहिजे, आणि राज्याच्या फॉरमॅटमधलं वेगळं, सेंट्रलच्या फॉरमॅटमधलं वेगळं, दोन्ही काढून ठेवा. का, तर सरकारी कॉलेजच्या 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून दिल्लीची कमिटी भरते आणि 85 टक्के आपल्या राज्याचा सीईटी सेल. फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. त्या 85 टक्क्यांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातनं झालेली लागते, अगदी थोडे अपवाद सोडले तर. लातूरला असल्यामुळं तुम्हाला तो ताप नाही, पण तुमच्या ओळखीत कोणी पोराला राजस्थानात कोटा शहरात पाठवून बारावीही तिकडच्याच शाळेतनं करून घेत असेल तर त्यांना हे आजच सांगा, नंतर लोक डोक्याला हात लावून बसतात.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं आहे का बघा, दहावीच्या मार्कशीटवर आहे तेच आधारवर. आणि फॉर्ममध्ये मोबाइल नंबर अन् ईमेल स्वतःचाच टाका. आम्ही काय केलं होतं सांगते. आमच्या मुलाचा फॉर्म नेटकॅफेत भरला, त्या पोरानं पटापट भरायच्या नादात स्वतःचाच नंबर टाकून दिला, आणि नंतर लॉगिन करायची वेळ आली तेव्हा ओटीपी कॅफेवाल्याच्या खिशात आणि कॅफेवाला बहिणीच्या लग्नाला गावी. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. शिकवणारी बाई मी, आणि माझ्याच घरात हे.

मुलीसाठी अजून एक सांगते, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. 2024-25 पासून राज्यात कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधून, म्हंजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमधून, मिळालेल्या प्रोफेशनल कोर्सची ट्युशन फी पूर्ण माफ आहे, त्यात मेडिकल पण येतं. इन्स्टिट्यूट कोट्यातनं घेतलेल्या सीटला नाही. हॉस्टेल, मेस आपलंच. पण तुमच्या मिस्टरांच्या छातीवर पैशाचं जे ओझं आहे, ज्याच्यामुळं ते मार्क विचारत सुटतात, ते यानं थोडं तरी उतरेल असं मला वाटतं.

आता रविवारचा फोन. पेपर 180 प्रश्नांचा, 720 मार्कांचा, बरोबर आलं तर 4, चुकलं तर वजा 1. समजा पोरीला 430 पडले, 120 बरोबर, 50 चूक, 10 सोडले. 480 मधून 50 गेले. आता त्या 50 चुकांचे तीन भाग करायला सांगा तिला, वहीत तीन रकाने, "येतच नव्हतं", "येत होतं पण चुकलं" आणि "ठोकून दिलं". मधल्या रकान्यात 15 जरी निघाले ना, तर एकेक प्रश्न 5 मार्कांचा, चार हुकले आणि वरून एक कापला गेला. म्हंजे 75. तिथंच 505 झाले, नवीन एक धडा न वाचता. "खालीलपैकी कोणतं विधान चुकीचं आहे" यातलं "चुकीचं" न वाचणं, ओएमआरवर, म्हंजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेवर, एक ओळ खाली गोल भरणं, असल्या गोष्टी असतात त्या. यासाठी तुम्हाला बायोलॉजी यायला नको. तुम्ही फोनवर एवढंच विचारायचं, "मधल्या रकान्यात किती?" मार्क विचारायचेच नाहीत. पुढच्या रविवारी 15 चे 11 झाले तर पप्पांनी शाबासकी द्यायची, मार्क 425 आले असले तरी.

रडण्याचं म्हणाल तर रडू द्या. रविवारी रडून सोमवारी क्लासला जाते ना, मग ठीक आहे. महिन्यातनं एकदा तुम्ही जाऊन या, डब्यात शेंगदाण्याची चटणी अन् कडक भाकरी न्या, दोन तास बसा आणि अभ्यासाचा विषय तुम्ही काढू नका. पण झोपच लागत नाही, मेसला जाणं बंद केलंय, मैत्रिणींशी बोलत नाही, "माझ्यामुळं तुमचं वाटोळं झालं", "मी नसले तर बरं" असलं काही तोंडातनं आलं, तर टेस्ट बुडू दे नाहीतर पूर्ण क्लास बुडू दे, त्याच दिवशी गाडी काढा आणि तिच्याजवळ जा, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं. तो तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या आणि तुमच्याही.

पेपरच्या दिवसाचं थोडक्यात. गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी असतो, दुपारी 2 ते 5, गेट दीडला बंद होतं म्हंजे बंदच होतं. सेंटर आदल्या दिवशी बघून या. हाफ बाह्या, साधी चप्पल, बूट नाही, कानातलं-बिनातलं घरीच. अ‍ॅडमिट कार्डसोबत पोस्टकार्ड साइज फोटो चिकटवायला लागतो तो विसरणारे दरवर्षी गेटबाहेर स्टुडिओ शोधत पळताना दिसतात. आणि दही-साखर द्या पण नवीन काही खायला घालू नका.

प्रश्न : मॅडम, मुलाला 2024 ला 560 होते. ड्रॉप घेतला तर 2025 ला 480 वर आला, म्हणजे वर्ष घालवून 80 मार्क कमी. ओपन कॅटेगरी. आता परत घरी बसलाय, तिसऱ्यांदा देणार म्हणतो. माझा मेव्हणा म्हणतो कशाला नादी लागता, जॉर्जियाला पाठवा, त्याच्या ओळखीचा एजंट पॅकेज देतो. मला काही सुचत नाही.
— एक वडील, नाशिक

उत्तर : दादा, तुमचा मुलगा घसरला हे कोणी ठरवलं? 2024 ला पेपर सोपा होता, शेवटच्या निकालात सुद्धा 720 पैकी 720 वाले 17 जण होते. 2025 ला फिजिक्सनं सगळ्यांना रडवलं, देशात पहिला आलेल्याला 686 पडले. त्यामुळं मार्कांना मार्क लावून काही अर्थ नाही. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं काढा आणि ऑल इंडिया रँक शेजारी शेजारी ठेवून बघा. बहुतेक तो वर गेलेला दिसेल. दिसला तर आजच त्याला तसं सांगा, कारण त्या पोरानं वर्षभर "80 नं कमी झाले" हेच ऐकलेलं असणार, जेवताना सुद्धा.

दुसरी एक गोष्ट, क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं यात लोक फार गल्लत करतात. 2025 ला 22 लाखांवर मुलं बसली, 12 लाखांवर क्वालिफाय झाली, ओपनला 144 मार्कांना सुद्धा क्वालिफाय होता येत होतं. एमबीबीएसच्या जागा देशात सगळ्या मिळून लाख-सव्वा लाख. शेजारी पेढे वाटले म्हणून अ‍ॅडमिशन झाली असं नसतं.

तिसऱ्यांदा द्यायला नियमाची आडकाठी नाही, किती वेळा द्यायची याला मर्यादा नाही. द्यावी का, तर ह्या वेळेस द्यावी असं मला वाटतं कारण वर्ष अर्धं झालंय. पण पेपरच्या आधीच बसून ठरवा की नाही झालं तर काय, निकालाच्या दिवशी ठरवू नका, त्या दिवशी घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आयुर्वेदाचं बीएएमएस, दातांचं बीडीएस, फिजिओथेरपी, व्हेटर्नरी हे सगळं याच नीटच्या स्कोअरवर आहे. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, तो फॉर्म पण भरून ठेवता येतो, मुलगा म्हणून लाजू नका, चांगली नोकरी आहे. यातलं त्याला काय चालेल, काय अजिबात नाही, हे त्याच्या तोंडून येऊ द्या आणि एका कागदावर लिहून कपाटात ठेवा.

जॉर्जियाबद्दल, जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण एजंट पॅकेज सांगतो तेव्हा नियम सांगत नाही. 2021 पासूनचे नियम असे की परदेशातला कोर्स इंग्रजीतून आणि किमान 54 महिन्यांचा पाहिजे, वर तिथंच 12 महिने इंटर्नशिप, त्या देशात प्रॅक्टिस करायचं लायसन मिळण्यासारखी डिग्री पाहिजे, मग इकडं येऊन स्क्रीनिंग परीक्षा पास व्हायची आणि परत 12 महिने इंटर्नशिप. इथं एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं होतात, तिकडून सात-आठ धरून चला. आणि नीट क्वालिफाय असावंच लागतं, "नीटची गरज नाही" म्हणणारा एजंट असेल तर चहा पाजून वाटेला लावा. मेव्हण्यांना एवढंच विचारा की त्या कॉलेजातनं येऊन स्क्रीनिंग पास झालेल्या दोन मुलांशी फोनवर बोलणं करून देता का.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. पप्पांना मला डॉक्टर करायचंय, सगळ्या नातेवाईकांना सांगून झालंय. मला बायोलॉजी आवडतं पण रक्त बघितलं की कसंतरी होतं आणि खरं तर मला झाडं, शेती असलं काहीतरी करायचंय. पप्पांना सांगायची हिंमत नाही. काय करू?
— नाव नको, सांगली

उत्तर : बाळा, रक्ताचं मनावर घेऊ नकोस, ते सवयीनं जातं, माझ्या हाताखाली बेडूक बघून चक्कर आलेली एक पोरगी आज सर्जन आहे. पण झाडं-शेती करायचीय हे मात्र मनावर घे. त्याचा रस्ता पण तुझ्याच ग्रुपमधून जातो. बारावीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबीचा (फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी) फॉर्म भर, त्यावर बीएस्सी अ‍ॅग्री होतं, फार्मसी होतं. नीटचा पण भर, म्हंजे पप्पांशी आत्ताच युद्ध नको आणि अभ्यास बराचसा तोच आहे.

सांगताना "मला डॉक्टर नाही व्हायचं" अशी सुरुवात करू नकोस, पप्पांना नुसतं "नाही" ऐकू येईल. आधी राहुरी, दापोली, अकोला, परभणी ही चार कृषी विद्यापीठं आहेत ना, त्यांची माहिती काढ, तुमच्या भागाला राहुरी लागतं. अ‍ॅग्री झालेलं गावात नाहीतर नात्यात कोणीतरी असतंच, कृषी अधिकारी, बँकेतला अ‍ॅग्री ऑफिसर, नर्सरीवाला, त्यांना जाऊन भेट आणि पप्पांना सोबत घेऊन जा, काहीतरी निमित्त काढून.

आणि घरात पप्पा कोणाचं ऐकतात? आईचं ऐकत असते तर तू मला लिहिलंच नसतंस. बहुतेक घरांत आत्याचं ऐकतात. तर आधी आत्याला फोन कर, पप्पा घरी नसताना.