‘टॉप मॉडेल’मधलं मॉडेल कोणतं?

प्रश्न: जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘स्विफ्ट, 2018 मॉडेल, टॉप मॉडेल’ असं लिहिलेलं असतं. इथे मॉडेल म्हणजे नेमकं काय? ट्रिम आणि व्हेरियंट हे शब्द मग कशाला?

उत्तर: या एका ओळीत ‘मॉडेल’ दोनदा आलंय आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा आहे. पहिल्या ठिकाणी ते साल सांगतं, दुसऱ्या ठिकाणी ट्रिम. कंपनीच्या लेखी मॉडेल म्हणजे नुसती ‘स्विफ्ट’.

इंग्रजीत ट्रिम म्हणजे कपड्याची किनार, सजावट; गाडीत ट्रिम म्हणजे सोयीसुविधांची पातळी. मराठीत मला ‘साज’ चपखल वाटतो: घोडा तोच, साज वेगळा. 2024 मध्ये आलेली पेट्रोल स्विफ्ट घ्या. तीन सिलिंडरचं 1.2 लिटर इंजिन सगळ्यांना एकच, एअरबॅगही सरसकट सहा. पण एलएक्सआय आणि व्हीएक्सआय या खालच्या साजांना 14 इंची लोखंडी रिम, तर झेडएक्सआयपासून पुढे 15 इंची अलॉय. त्यामुळे टायरही बदलतो: 165/80 आर14 किंवा 185/65 आर15. दोन्हींचा बाहेरचा व्यास जेमतेम दोन मिलिमीटरनं वेगळा, तरी एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दुकानात ‘स्विफ्टचा टायर द्या’ एवढं म्हणून भागत नाही ते यामुळे.

व्हेरियंट म्हणजे साज, इंधन आणि गिअरबॉक्स यांची जुळणी. व्हीएक्सआय पेट्रोल मॅन्युअल, व्हीएक्सआय पेट्रोल एएमटी (क्लच नसलेला, आपोआप बदलणारा गिअर) आणि व्हीएक्सआय सीएनजी यांचा साज एक, व्हेरियंट तीन. किंमत व्हेरियंटची असते आणि विम्याची आयडीव्हीही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तिच्यावरूनच निघते. म्हणून विम्याच्या अर्जात नुसतं ‘व्हीएक्सआय’ लिहू नये.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सालाच्या ‘मॉडेल’मध्ये. तिसऱ्या पिढीची स्विफ्ट फेब्रुवारी 2018 मध्ये बाजारात आली. डिसेंबर 2017 मध्ये बनून जानेवारीत पासिंग झालेली गाडीही ‘2018 मॉडेल’ म्हणूनच विकली जाते, पण ती दुसऱ्या पिढीची. ओळखायला मागचं दार बघावं. दुसऱ्या पिढीत हँडल नेहमीसारखं दारावर आहे, तिसरीत ते वर काचेमागच्या काळ्या पट्टीत लपवलंय, चौथीत (2024 ची) पुन्हा दारावर आलं. आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंदणीची तारीख नव्हे, उत्पादनाचा महिना वाचावा.