बिघाड सापडला, पुढे काय?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कोड दोनदा वाचला. बिघाड पकडण्याचं काम तू मन लावून केलं आहेस. सेन्सरची तार तुटणं, शॉर्ट होणं, आकडा मर्यादेबाहेर जाणं, कॅनवरचा, म्हणजे गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या वाहिनीवरचा, संदेश उशिरा येणं, काही म्हणजे काही सुटलेलं नाही. पण पकडल्यावर बहुतेक ठिकाणी एकच ओळ आहे: असिस्ट बंद, म्हणजे स्टिअरिंगला मोटरची मदत बंद. हे पत्र त्या एका ओळीसाठी.

ती ओळ चूक आहे असं मी म्हणत नाही. स्टिअरिंग फिरवलं की आतली टॉर्शन बारची बारीक पोलादी दांडी किंचित पिळली जाते. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो आणि मोटरने किती जोर लावायचा ते कंट्रोलर ठरवतो. मोटर गप्प झाली तरी हातापासून टायरपर्यंत लोखंड जोडलेलंच असतं. गाडी वळते, फक्त हात भरून येतात. मोटरने आपल्या मनाने स्टिअरिंग ओढावं, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेच्या मानकात धोक्याच्या सगळ्यात वरच्या पायरीला एसिल डी म्हणतात, आणि स्टिअरिंग आपोआप फिरणं सहसा त्याच पायरीवर जाऊन बसतं.

पण बंद करणं हीसुद्धा एक कृती आहे आणि ती चालकाच्या हातात उमटते. गाडी वळणावर आहे, बराचसा भार मोटरने उचलला आहे. तो तू एका क्षणात टाकून दिलास तर सगळा मनगटांवर येतो आणि स्टिअरिंग सरळ व्हायला धावतं. म्हणून जिथे सवड आहे तिथे असिस्ट हळूहळू उतरवत न्यायचा. सवड आहे की नाही, ते बिघाड ठरवतो. बॅटरीचं व्होल्टेज घसरतंय किंवा मोटर तापतेय, तर सवड भरपूर आहे. मोटर चालवणारा एखादा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला तर अजिबात नाही. आणि तिथे नुसतं चालवणं थांबवूनही भागत नाही: फिरणारी मोटर जनरेटर होते, शॉर्टमधून प्रवाह वाहतो आणि स्टिअरिंगला ब्रेक लागल्यासारखं होतं. तिथे मोटरच्या फेज, म्हणजे तिला प्रवाह देणाऱ्या जोडण्या, तोडायलाच हव्यात. सवड असलेले आणि नसलेले, दोन्ही बिघाड तुझ्या कोडमध्ये एकाच फंक्शनमध्ये जाऊन पडतात.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. टॉर्क सेन्सर तोच पीळ दोन वेगळ्या चॅनलवर सांगतो; ते दोन चॅनल जुळले नाहीत की असिस्ट बंद, जुळले की चालू, असं मी लिहिलं होतं. बेंचवर छान चाललं. ट्रॅकवर गाडीतला कनेक्टर थोडा सैल होता. वळणात चॅनल फिसकटले आणि स्टिअरिंग जड झालं, म्हणून चालकाने जोर वाढवला. तेवढ्यात कनेक्टर पुन्हा चिकटला आणि त्याच्या वाढीव जोरावर मोटरचा पूर्ण जोर येऊन पडला. गाडी आतल्या बाजूला झेपावली. त्याने ती सावरली, थांबवली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मी शेजारच्या सीटवर होतो. गेलेला असिस्ट चालत्या गाडीत असा परत द्यायचा नसतो. असा बिघाड पक्का ठरला की इग्निशन बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत तो लॅच करून ठेव, म्हणजे मधे पुसला जाऊ देऊ नकोस. परत द्यायचाच असेल, तर कुठल्या बिघाडात आणि किती सावकाश, हे आधी लिहून ठेव.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. गाडीच्या वेगाचा संदेश आला नाही की तू वेग शून्य धरला आहेस. शून्य म्हणजे पार्किंग, म्हणजे सगळ्यात जास्त मदत. ताशी १०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग पिसासारखं हलकं होईल. वेग कळत नसेल तर तो जास्त आहे असं धर आणि तिथवर हळूहळूच जा. पार्किंगमध्ये थोडं जड लागेल, ते चालेल. शून्य हा एक आकडा आहे, ‘माहीत नाही’ हे सांगायला त्याच्यासोबत वेगळा ध्वज, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, लागतो.

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, ते याच जातीच्या चुकीने. दिशा मोजणाऱ्या संगणकात ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. चूक पकडली गेली, ठरल्याप्रमाणे तो संगणक बंद झाला आणि जाताना त्याने बिघाडाची माहिती वाहिनीवर टाकली. मुख्य संगणकाने तीच उड्डाणाची माहिती समजून नोझल वळवले. राखीव संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्राम असल्याने तो क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडला होता. तुझ्या दोन्ही चॅनलवर एकच तपासणी चालते आहे, त्याकडे या नजरेने पुन्हा एकदा बघ.

बिघाड किती वेळा दिसला ते मोजणाऱ्या काउंटरबद्दल थोडक्यात. तपासणीचा टास्क दर १० मिलिसेकंदांनी चालतो आणि बिघाड पक्का करायला ५० वेळा मोजणं, म्हणजे अर्धा सेकंद. ताशी १०० च्या वेगात तेवढ्यात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे जाते. तापमानाच्या सेन्सरला हा आकडा ठीक आहे, मला वाटतं तिथूनच तो उचलला गेला आहे. टॉर्कसाठी उलटीकडून मोज: गाडी हाताबाहेर जायला किती वेळ लागतो, त्यातून मोटर थांबायला लागणारा वेळ वजा कर, उरेल त्यात मोजणी बसव.

स्टिअर-बाय-वायरचं तू विचारलं होतंस. तिथे मधलं लोखंडच नसतं, त्यामुळे ‘बंद’ हा पर्यायच उरत नाही. २०१३ मध्ये आलेल्या इन्फिनिटी क्यू५० मध्ये म्हणूनच क्लच ठेवला होता, बिघाड झाला की तो यांत्रिक जोड जुळवायचा. तो विषय मोठा आहे, भेटीत बोलू.

तोवर एक कर. तुझ्या बिघाडांच्या तक्त्यात ‘हातांना काय जाणवेल’ असा एक रकाना वाढव आणि प्रत्येक ओळीसमोर साध्या मराठीत लिही: जड होईल, ओढेल, थरथरेल, काही कळणार नाही. ‘काही कळणार नाही’ जिथे येईल तिथे दिवा लावून चालकाला सांगायचं आहे. लिहिता न येणाऱ्या ओळी रिकाम्याच ठेव, अंदाजाने भरू नकोस. त्या ओळींसाठी आपण फॉल्ट बॉक्स, म्हणजे मुद्दाम बिघाड घडवणारी पेटी, घेऊन, अनुभवी चालकासोबत, मोकळ्या ट्रॅकवर कमी वेगात गाडीत बसू. तक्ता झाला की पाठव, मी त्याच दिवशी वाचतो.

तुझा,
सर